रंजूची हिरवी कार

वरोरा, दिवाळीआधीचा रविवार, २००४

आज लिहितेच, नाईतर उद्या कामात विसरून जाईन. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरनं रंगाचा फवारा बंद केला, तेव्हापासून आमचे हे गाड्या रंगवत नाई आन् बोलतही नाई. भिंतीकडे तोंड करून बसतात. मले तर भीतीच वाटत होती.

आज पोरीनं, रंजूनं, आम्हाले ओढतच तिच्या कॉम्प्युटर क्लासात नेलं. तिथी तिनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर चमकीच्या रंगाची एक हिरवी कार बनवली होती. ह्यांनी पाहिली आन् सवयीनं उकिडवे बसून काचेवर आडवी नजर लावली. रंगवलेली गाडी असेच पाहतात, चमकी सारखी बसली का म्हणून.

"वाकून पाहिलं तरी चमक काहीच बदलत नाई. प्लास्टिकची बादली हाय."

रंजू हसली. "बाबा, तुम्ही कितीही वाका, इथी गाडीच फिरवा लागते. हे फिरणं बनवाले रातभर कॉम्प्युटर चालू ठेवला मी."

बटण दाबलं तशी गाडी वळली. उजेड बोनेटवरून दारावर घसरत गेला, चमकीचे कण पेटले आन् विझले. अगदी खरी! हे उकिडवेच राहिले. कंबर दुखते, असं एकदाही म्हणाले नाई.

मग ओरडले, "दाराले चमकी कमी काऊन मारली? हात आखडला का तुहा?"

"सारखीच हाय बाबा!"

"मले शिकवते?"

घरी आल्यावरही दोघं भांडतच होते. कोण बरोबर, मले काय कळते? देवा, पोरीचं भलं कर. किती दिवसांनी ह्यांचा आवाज घरात ऐकला. ऐकता ऐकता भाजी करपली, तरी मी मधात बोलली नाई.