बाबांच्या पात्राचा डाव

दि. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू रुसली आहेस की तुझ्या ज्युदोच्या वर्गात मुली वाढल्यात, कळायला मार्ग नाही. फोनवर तू दोन वाक्यांत गुंडाळतेस, म्हणून पत्राचा आग्रह. आणि काम तुझ्याकडेच आहे.

आमचा रविवारचा खेळ तुला माहीत आहे. टेबलाभोवती बसायचं, मी गोष्ट सांगायची, प्रत्येकाने आपापल्या पात्राच्या वतीने बोलायचं आणि लढाई आली की फासे टाकून निकाल लावायचा. वाचनालयातली माझी मैत्रीण आणि शेजारचे बसचालक काका असतात, आणि गेल्या महिन्यापासून आपले बाबा. हाताला कंप सुटला म्हणून त्यांनी दातांचा दवाखाना बंद केला, तेव्हापासून ते खोलीबाहेर पडेनात. आईनेही हात टेकले. रविवारी तेवढे यायचे, तेही छान दाढी करून.

मी स्वभाव बघून प्रत्येकाला लढायची कला देते. मैत्रिणीचा पाय एका जागी ठरत नाही, म्हणून तिच्या पात्राला उड्या आणि लाथा. काका कमालीचे सबुरीचे, त्यांच्या पात्राला कुस्तीची पकड. एकदा धरलं की सुटका नाही. बाबांना म्हटलं जरा जोर मिळू दे, म्हणून दिली वज्रमूठ. खेळातला सगळ्यांत मोठा ठोसा, एका ठोशाला ओंजळभर फासे! आणि परवा ते म्हणाले की हा माणूस मला जमत नाही, तुमचं तुम्ही खेळा. कारण विचारलं तर दार लावून घेतलं.

आत्या, ते या टेबलावरूनही उठले तर त्यांना खोलीबाहेर कसं काढायचं, मला सुचत नाही. तू जन्मभर माणूस बघून डाव शिकवलास. बाबांना कुठला बसेल, ते सांग. रविवारच्या आत सांग.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी,
खारूताई


दि. ७ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रुसायला मी काय सोळा वर्षांची आहे? नव्या मॅट आल्या आहेत, त्यांचा वास जाईपर्यंत वर्ग अंगणात घेते आहे, आणि मुलींचे पाय पुसता पुसता दिवस मावळतो. माझा गुडघा कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही.

आता तुझं काम. स्वभाव बघून कला देतेस म्हणे! मग बापाच्या वेळी डोळ्यांवर पट्टी बांधली होतीस का? त्या दोघांकडे जे आहे ते तू त्यांना दिलंस, आणि त्याचं जे गेलं असं तुला वाटतं ते त्याला दिलंस. माझ्याकडे नवी मुलगी आली की मी आधी तिला नुसतं चालायला लावते. चाल बघितल्याशिवाय डाव ठरवत नाही.

आणि ओंजळभर फासे! अगं, कापऱ्या हातात, तेही चार माणसांसमोर? सांडले असतील आणि कुणी तरी प्रेमाने उचलून दिले असतील. तेच त्याला लागलं असणार.

लहानपणी तो माझ्याबरोबर ज्युदो शिकायला यायचा. मी अंगाने आडवी, नुसती घुसायची. तो कधी उलट ढकलायचा नाही. ऐन वेळी बाजूला सरायचा, माझी बाही हलकेच ओढायचा, आणि मी माझ्याच जोरावर तोंडघशी. दवाखान्यातही त्याने तेच केलं. भोकाड पसरणाऱ्या पोरांना कधी दाबून धरलं नाही. रडू द्यायचा, तोंड आपोआप उघडलेलं असायचंच.

तेव्हा त्याला परतवण्याची कला दे. समोरचा जेवढा जोर लावेल तेवढा त्याच्यावरच उलटेल. फासे शत्रूचे, आणि शत्रू गोष्ट सांगणारीचा, म्हणजे टाकायचे तू. त्याच्या हातात काही द्यायलाच नको.

वहिनीला विचारल्याचं सांग. आणि काय झालं ते कळव, मला इथे चैन पडणार नाही.
तुझी,
आत्या


दि. १२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अगदी तू लिहिलंस तसंच झालं होतं. काकांनीच वाकून फासे उचलून दिले होते आणि मी शेजारी बसून बघत होते. माझी मलाच शरम वाटली.

रविवारी बंद दाराशी उभं राहून बाबांना नवी कला समजावली. तुझ्या बाहीची गोष्टही सांगितली. आतून आधी हसू आलं, मग बाबा आले. दाढी केलेली नव्हती, पण आले.

पुलावर दरोडेखोरांचा म्होरक्या त्यांच्या पात्रावर चालून आला. ठरल्याप्रमाणे मी फासे उचलायला गेले, तर बाबांनी त्यांवर हात ठेवला. म्हणाले, कला पसंत आहे, पण फासे मीच टाकणार. आणि माझ्या माणसाचा हात कापतो, असं लिहून घे. मैत्रिणीने विचारलं, असं का? तेव्हा बाबांनी आपला हात टेबलाच्या मधोमध ठेवला. सरळ सांगितलं की माझा कापतो, म्हणूनच दवाखाना बंद केला. आणि म्होरक्याने असा हात पाहिला की तो गाफील राहणार, नको तेवढ्या जोराने अंगावर येणार.

 मग काकांनी गंभीरपणे विचारलं की तो पडणार पुलावर की थेट नदीत? बाबा म्हणाले, नदीतच. फासे सांडलेच, एक तर कपाटाखाली गेला. कुणी जागचं हललं नाही. बाबा स्वतः ओणवे झाले आणि तिथूनच आकडा ओरडले. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन रडून घेतलं. आनंदाने गं.

अशीच पाठीशी राहा.
तुझी,
खारूताई


दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर मुंगीने शाईत पाय बुडवून काढल्यासारखं आहे, पण माझं आहे. सावकाश वाच.

तुम्हा दोघींचं कारस्थान कळलं. माझ्या हातात काही द्यायलाच नको, हे तुझं वाक्यही वाचलं. त्याबद्दल भेटीत बघून घेईन. बाकी ठीक. काकांनी त्यांच्या दुखऱ्या दाढेबद्दल विचारलं. उपचार माझ्याने होणार नाहीत, पण खुर्चीत बसवून बघितली आणि कुणाकडे जायचं ते सांगितलं. दवाखान्याची खिडकी त्या निमित्ताने उघडली, ती आता रोज उघडतो.

बाहीबद्दल मात्र पोरीला तू चुकीचं सांगितलंस. मला डाव-बिव काही येत नव्हता, ताई. तू अंगावर आलीस की मी घाबरून बाजूला व्हायचो, आणि पडू नये म्हणून तुझी बाही धरायचो. पहिल्यांदा पडलीस तेव्हा उठून तूच ओरडलीस की काय सुंदर डाव टाकला याने! तुझा शब्द खोटा पडू नये म्हणून मग मी तो शिकलो.

तुझ्यापुढे अजूनही बाजूला सरणारा,
धाकटा