नाव घे, म्हणजे कुणाचं?

पलूस, मंगळवार

ती. वन्संच्या पायांवर डोकं ठेवते. (गुडघे दुखत असतील तर पाय मुडपून घेऊ नका, मीच वाकते. पत्रातच वाकायचंय.) तेल चोळता की बाटली नुसती खिडकीत ठेवलीय? साताऱ्यात थंडी पडली असेल. इथं पहाटे उसाच्या बाजूनं गारवा येतो, पण दुपारी घाम पुसावा लागतो.

तुम्ही फोनवर म्हणालात, तुमच्या भावाचा कॉम्प्युटर घरात नुसता धूळ खातोय, तो आमच्या मुकुलला पाठव, नातवाचा अभ्यास तरी होईल. मी हो म्हणाले होते. शनिवारी पाठवणारही होते. का पाठवला नाही ते आता सविस्तर लिहिते. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

धूळ खातोय हे मुळातच खोटं. मी रोज पुसते. आणि हे गेल्यापासून वर्षभर तो रोज लावतही होते. शेवटी शेवटी ह्यांनी माझ्या सोयीसाठी त्याला अशी शिस्त लावून ठेवली होती की बटण दाबलं की काही न विचारता उघडायचा. गेल्या महिन्यात वीज तीनदा गेली आणि तीनदा आली. त्यानंतर तो उघडेना. पासवर्ड द्या म्हणतो. मी म्हटलं, बाबा, वर्षभर ओळख आहे आपली! तर चक्र फिरवतो आणि परत तिथंच येऊन उभा राहतो, दारावर आलेल्या वसुलीवाल्यासारखा. दोनचार वेळा चुकल्यावर मात्र चौकटीखाली बारीक अक्षरात एक ओळ आली. सूचना: नाव घे.

आता वन्सं, तुम्हीच सांगा. बाईमाणसाला ‘नाव घे’ म्हटल्यावर दुसरा काय अर्थ लागणार?

तरी घरी कुणी नाही बघून ह्यांचं नाव इंग्रजीत घातलं. (इंग्रजी अक्षरं मी एसटीच्या पाट्यांवरून शिकलेय, त्यामुळे माझं स्पेलिंग बसच्या वेगानं जातं.) नाही उघडला. मग कॉम्प्युटरचा डबा सोलापुरी चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन कुपवाडला निघाले. कंडक्टर म्हणाला, “काकू, बाळाला खिडकीकडं घ्या, वारं लागंल.” सगळी एसटी हसली. मीही हसले असते, पण डबा जड होता.

कुपवाडला आप्पासोंचं दुकान आहे. पंपाच्या मोटारी बांधतात आणि जोडीला कॉम्प्युटर. हा ह्यांनी त्यांच्याकडूनच घेतला होता. त्यांनी डबा उघडला, आत फुंकर मारली आणि म्हणाले, “वहिनी, घड्याळाचा सेल मेलाय. ह्येला वाटतंय अजून दोन हजार पंधरा साल हाय. समदी सेटिंगं इस्कटल्यात.”

दोन हजार पंधरा साली हे रोज संध्याकाळी मंडईतून भाजी आणायचे, आणि रोज कोथिंबीर विसरायचे. माझ्या तोंडून निघून गेलं, “मग राहू दे की तसंच.” आप्पासोंनी माझ्याकडे बघितलं आणि नवा सेल घातला. तारीख सुधारली, भाषेची सेटिंग मराठीची इंग्रजी केली, परत मराठी केली. निळा पडदा आला, काळा आला. पासवर्डाची चौकट काही हलेना.

“मालकांचं नाव घालून बघू. घ्या नाव.”

दुकानात मोटारी घेऊन आलेले चार बाप्ये उभे. मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे की. तर म्हणतात, “आमी सुभेदार म्हणायचो. पयलं नाव न्हाई ठावं.” वन्सं, चाळीस वर्षांत मी उखाण्याबाहेर ते नाव तोंडातून काढलं नाही. आता उखाणा घेण्याची सोयही राहिली नाही. मी सुटी अक्षरं सांगायला लागले. आ. मग का. त्यांना वाटलं, मी कुणा आक्काला हाक मारतेय. शेवटी त्या चौघांतला एक ओरडला, “आकाराम! आकाराम असंल!” मी मान हलवली. सगळ्यांना कोडं सुटल्याचा आनंद झाला. कॉम्प्युटरला नाही झाला.

मग आडनाव लावून, सुभेदार लावून, पलटणीचा नंबर लावून झालं. माझं नाव, शांता, तेही घातलं. तुमचंसुद्धा घातलं. (संयोगिता. नाही चाललं. वाईट वाटून घेऊ नका.) आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, तर तिलाही कुलूप. फौजेतल्या सिग्नलमधला, बिनतारीवाला माणूस! आप्पासो कपाळ पुसत म्हणाले, “शुक्रवारपतुर बघा. न्हाईतर समदं पुसून कोरं करतो. साताऱ्याच्या पोराला कोरंच बरं.”

कोरं कसं करू? वन्सं, तुम्हाला सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना पुस्तकाला हात लावायचा नव्हता. चौथीत शाळा सुटली तरी वाचन न सुटलेली बाई मी, वेडी व्हायची वेळ आली. तेव्हा ह्यांनी जाड कादंबरी घेतली आणि रोज दुपारी वाचून दाखवली, वर कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली. म्हणजे मी मध्येच झोपले तर परत ऐकायला. वाचायचे कसे? बिनतारी संदेश द्यावा तसे. ‘राजा उठला, स्वल्पविराम, आणि निघाला, पूर्णविराम.’ राणी मेली तिथंही पूर्णविराम सोडला नाही. मी इतकी चिडायचे! आणि आता त्या पूर्णविरामांसाठी मांडीवर डबा घेऊन फिरतेय.

तर असं आहे. नाव घे म्हणे. नाव घ्यायचा प्रसंग माझ्यावर आजवर एकदाच आला, तो तुम्ही आणलात. लग्नाच्या दिवशी दार अडवून उभ्या होतात. मी पाठ केलेला उखाणा घेतला. मग तुम्ही भावाला धरलंत, आणि भावानं

थांबा. पत्र इथंच ठेवते. एसटी गाठायचीय.

तुमची भावजय,
शांता

ता. क. गुरुवार. वन्सं, आपण सगळेच चुकलो. ती सूचना माझ्यासाठी नव्हतीच. ह्यांनी स्वतःलाच बजावलं होतं, नाव घे. मग पुरुषानं कुणाचं घ्यायचं? आठवतं का, ताटातल्या तांदळात सासूबाईंनी माझं नाव बदलून शांता केलं होतं? “आमच्या घरात क्रांती नगं, शांता असू दे,” म्हणाल्या होत्या. आणि तासाभरानं तुमचा भाऊ दारात म्हणाला, “पंधरा दिवसांची रजा, त्यात प्रवासाची भ्रांती, दार सोड आक्का, संगं हाय क्रांती.” सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. त्यानंतर ह्यांनी मला शांता म्हटलं नाही आणि क्रांतीही म्हटलं नाही. आईचं मन आणि माझं, दोन्ही सांभाळायला जन्मभर नुसतं ‘अगं’. मी समजत होते, हे माझं नाव विसरले. आणि हे रोज सकाळी कॉम्प्युटर उघडताना ते बोटांनी घेत होते.

ता. ता. क. उघडला. आप्पासोंनी आवाज आहे का बघायला मधलंच कुठलंतरी प्रकरण लावलं. दुकानभर ह्यांचा आवाज. “अगं, झोपलीस का, प्रश्नचिन्ह.” मी म्हटलं, नाही. मोठ्यानं म्हटलं. मोटारवाले खाली बघायला लागले.

ता. ता. ता. क. कॉम्प्युटर पाठवत नाही. मुकुलला नवा घ्या. राग आला तर भांडायला इकडे या, पण याच, आणि चार दिवस राहायच्या बोलीनं या. कादंबरीची शेवटची तीन प्रकरणं मी त्या वेळी झोपेत घालवली. ती ऐकायचीत, पण एकटीनं ऐकवत नाहीत. पासवर्ड नवा ठेवलाय. सूचना तीच आहे. आता माझी पाळी.

क्रांती