बाबांच्या गिटारचं माप

दादा,

मी गिऱ्हाइकाच्या कोटाच्या फिटिंगला जातेय, सातपर्यंत येईन. जेवण झाकून ठेवलंय. जेवायच्या आधी हे वाच.

सकाळी बाबांच्या गिटारला नवीन कव्हर बेतायला घेतलं. मी शिवलेलं जुनं कव्हर मानेपाशी सैल पडत होतं, आणि माझं माप असं चुकत नाही. म्हणून टेप लावला. बाबांची गिटार बॅरिटोन, खालच्या सुरांची; तिची मान साध्या गिटारपेक्षा लांब असते. तारा ज्या खाचांतून निघतात तिथपासून मानेवरच्या बाराव्या फ्रेटपर्यंत, म्हणजे बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं, हे बाबांनीच शिकवलं होतं. अठ्ठावीस इंच यायला हवेत. आले साडेपंचवीस. तीनदा मोजलं. रंग तोच आहे, जाड ताराही तू चढवल्यास, पण ही बाबांची नाही, साधी गिटार आहे.

तुझ्या बँडच्या ड्रमवाल्याला फोन करून बाबांची गिटार कुठेय विचारलं. तो बिचारा खुशीत म्हणाला, "ती तर आमच्या नव्या गिटारवाल्याकडे आहे ना, काय घुमते!"

बाबांची आठवण परस्पर देऊन टाकलीस, त्यावर मी कडाकडा भांडून मोकळी झाले असते. पण सहा महिने ही वाजवताना, आखूड मानेवर ढिल्या पडलेल्या या जाड तारा खडखडतायत म्हणून मी रडकुंडीला यायचे, आणि तू म्हणायचास, "तुझ्या बोटांत जोर नाही गं, सराव वाढव." मी वाढवला. बोटं सोलून निघाली.

परवा त्या बोटांना तूच मलम लावत होतास. तेव्हाही तुला माहीत होतं.