वाघळाचं पिल्लू आणि समुद्रफेन

अण्णा, नातीचा कान फुटला म्हणून आज समुद्रफेनाची डबी उघडली आणि खोपोलीचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. वीजघर नुकतंच सुरू झालं होतं. तारांना लागून वाघळं मरत, आणि तुम्ही मास्तर म्हणून लोक काय वाटेल ते तुमच्याकडे आणून देत. त्या सकाळी पाड्यावरची एक बाई मेलेलं वाघूळ घेऊन दारात उभी राहिली. "मास्तर, आय मेली, पन पिल्लू जितं हाय बगा. अजून सोडीत नाय तिला."

आत्या चुलीपुढून कडाडली, "अरे, पोरं शिकवतोस की घर बाटवतोस?" तिचं काही चुकलं नव्हतं, चुलीजवळ वाघूळ कोण आणतं? तुम्ही ऐकलं नाहीत. मी पिल्लाला दुपट्यावर उताणं निजवलं, वर थोपटलंही. ते तडफडायला लागलं तसे तुम्ही रागावलात, "अगं, ते काय तान्हं मूल आहे?" आणि खांद्यावरचं उपरणं दोरीवर टाकून त्याला उलटं टांगलंत. मग आपण वातीने दूध पाजत बसलो.

माझी आई मला जन्म देतानाच गेलेली. मी विचारलं, "आई नसली की पिल्लू मरतंच का?" तुम्ही फडताळातून समुद्रफेन काढून माझ्या हातात दिलात. हे माकुळाच्या पाठीतलं कवच, म्हणालात. माकुळाची मादी समुद्रात अंडी चिकटवते आणि मरून जाते. पिल्लं आपापली पोहायला लागतात, त्यांना आई ठाऊकच नसते. वाघूळ मात्र पिल्लाला पोटाशी धरून उडतं. "मग मी यातली कोण?" तुम्ही समुद्रफेन पुन्हा फडताळात ठेवलात. मग म्हणालात, "आधी जेवून घे."

पिल्लू जगलं नाही. मी अन्नाला शिवेना. एवढी घोडी झालेली मी, तरी तुम्ही मला कडेवर घेतलंत आणि मऊभाताचे घास भरवत अंगणभर हिंडलात. आत्या म्हणाली, "बसव, पोरीला डोक्यावर बसव!" बसवलंतच की.

माकुळाचं पोर मी नव्हतेच, अण्णा. मलाही पोटाशी धरून कुणीतरी हिंडत होतं, फक्त त्याला मिशा होत्या. हे तेव्हा उमगलं नाही, आणि आता पत्र पाठवायचं तरी कुठे? अविधवा नवमीला आईचा विषय निघतो, माझे डोळे भरतात, आणि बायका हळहळतात, आजी झाली तरी आईसाठी जीव तुटतो हो! मी त्यांना तसं म्हणू देते. खरं तर मी तेव्हा तुमच्यासाठी रडत असते.