सोनालीचा दुसरा फोन

मंगळवार, संध्याकाळ. पारनेर.

टीव्हीवरच्या त्या स्पर्धेत सगळ्यांना नव्वदच्या दशकासारखं राहायचंय, मोबाईल काढून घेतलेत. आज थेट प्रक्षेपणात आमच्या कॉलेजातल्या सोनालीला जुन्या डायलच्या फोनवरून दोन फोन करायला मिळाले, पण नंबर पाठ हवेत. पहिला वडिलांना लावला. मग डायलमध्ये बोट घालून थांबली. मी इकडं मोबाईल हातात धरून. अन् ती हसत म्हणाली, "दुसरा कुणाचा आठवतच न्हाई."

तिच्यापायी मारामारी करून कॉलेज सोडलं मी! की आठवत होता, पण लावायचा नव्हता? ते थांबलेलं बोट...

रिमोट आपटला. आई म्हणाली, "फोड, टीव्ही पण फोड. मग येईल व्हय तिचा फोन?"

रागात तिचा नंबर मोबाईलमधून उडवला. उपयोग काय? तोंडपाठ हाय.