भिंतीकडची ओळ

१२ डिसेंबर १९७८
पुन्हा फुलं गळली! सकाळी पाहते तर खाली नुसता पिवळा सडा, देठासकट. तांदळाच्या मिलच्या मागे आमच्या दोन खोल्या, परसात टमाटरच्या दोन ओळी. विहिरीकडची सासूबाईंची, भट्टीच्या भिंतीकडची माझी. वाटणी त्यांचीच. रोपं एकाच वाफ्यातली, पाणी एकाच विहिरीचं. त्यांच्या झाडांना घोस लागलेत, माझी झाडं नुसती फुलतात.

शेजारच्या आनंदाबाईंसमोर सासूबाई म्हणाल्या, "माह्या ओळीले हात लावू नोको. तुह्या हातानं काय होते ते पाहून रायली ना!" लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. आनंदाबाई खाली मान घालून पापड उलटत राहिल्या.

१९ डिसेंबर
कोंढ्याहून एक माणूस येऊन गेला. त्यांच्याकडे मुलगी आहे – ह्यांच्यासाठी! त्याला चहा मीच दिला. रिकामा कप उचलताना सासूबाईंचं बोलणं कानावर पडलं. "माह्या गोपीचंदले वंश पायजे." बशी हातातून पडून फुटली.

ह्यांना विचारलं. "मायनं ठरवलं. मी काय करू?" एवढं बोलून भट्टीवर कामाला निघून गेले. संक्रांतीनंतर मुलगी बघायला जाणार.

२० डिसेंबर
कणीक भिजवताना आज मलाच माझ्या हातांची भीती वाटली.

३१ डिसेंबर
घनश्याम आला. माझा धाकटा भाऊ, नागपूरला शेतकी कॉलेजात शिकतो. त्याला ओळ दाखवली. त्याने झाडाआधी भिंतीलाच हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"ताई, पलीकडं काय हाये?"

उसन्या तांदळाची भट्टी, धान उकडायची.

"रात्री भिंत थंड होते का?"

छे. हंगामभर भुसा जळतच असतो.

तो हसायलाच लागला. असा राग आला त्याचा! मग एक फूल सोलून दाखवलं. "टमाटरच्या एकाच फुलात नर-मादी दोघं रायतात. रात्रीही गरमी उतरली नाही तं नराचा पराग मरते. मादी बहुतेक धड रायते. पण पराग भेटत नाही, मंग फूल गळून जाते. तुह्या हाताचा काही संबंध नाही."

मी त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं.

सासूबाई बाजारात होत्या. विहिरीकडच्या फुलांचा पराग काडीवर घेऊन मी माझ्या काही फुलांना लावला. त्यांना लाल दोरा बांधून ठेवला. सासूबाईंच्या ओळीला पहिल्यांदाच हात लावला.

मग एकदम आठवलं – त्या भिंतीपलीकडे आगीसमोर रोज कोण उभं असतं ते! सख्ख्या भावाला कसं विचारायचं? तरी विचारलं. माणसाचंही असंच होतं का? तो कानापर्यंत लाल झाला. "होऊ शकते म्हणतात. डॉक्टरले विचार."

१२ जानेवारी १९७९
दोऱ्याची काही फुलं धरली! वाटाण्याएवढे हिरवे टमाटर, माझ्या ओळीत. बिनदोऱ्याची सगळी खाली. तिथेच मातीत बसून रडले.

१३ जानेवारी, भोगी
आज सासूबाईंना हाताला धरून परसात नेलं. दोरे दाखवले, पराग सांगितला. त्यांचा हात भिंतीवर टेकवला. म्हटलं, माझ्या हातात काही खोट नाही. आधी ह्यांना भट्टीवरून काढा, डॉक्टरला दाखवा, मग जा कोंढ्याला. माझंच मला नवल वाटलं, इतकं कशी बोलले!

शिव्या खायची तयारी होती. भिंत पोळत होती तरी त्या हात काढेनात. शेवटी एवढंच विचारलं, "माणसाचंबी?"

मग दिवसभर ओसरीवर बसून होत्या. भोगीची भाजी ताटात तशीच राहिली.

१४ जानेवारी
कोंढ्याला नको म्हणून निरोप गेला. मी तीळ भाजत होते. सासूबाई चुलीपाशी येऊन बसल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "तुह्या सासऱ्यानं जलमभर हेच भट्टी झोकली. गोपीचंद माह्या पोटचा नोहे, माह्या बहिणीचा हाये. मले गावात वांझोटी म्हणत. मले काहून नाही दाखवली कोणी भिंत?"