विलास घोड्यावरून उतरणार नाही

दापोडी,
ता. ८ एप्रिल १९७९

ती. भिवाभावजींना,
धाकट्या भावजयीचा, कस्तुराचा, सप्रेम जयभीम.

इकडे सगळे खुशाल आहोत. आत्याबाईंचे गुडघे तेवढे दुखतात, पण नळावरची भांडणं अजून त्याच मिटवतात. सोजराक्कांनी पाठवलेलं हुलग्याचं पीठ पोचलं. अक्षर बघून चमकला असाल. आजवर पत्रं हे लिहायचे. मी इथल्या बायकांच्या वर्गात शिकले. हे माझं पहिलंच पत्र, आणि तेही भांडणाचं.

विलासचं लग्न ठरल्याचा तुम्हाला आनंद झाला, हे वाचून बरं वाटलं. मुलगी सांगवीची, तिचे वडील विलासच्याच कंपनीत. लग्न सांगवीला होईल. वरात मात्र गावी यावी असा तुमचा हट्ट. पाटलांशी बोलणंही करून ठेवलंत. घोडा चालेल, बँड चालेल, फक्त नवरदेवानं वेशीपाशी उतरायचं, मारुतीपुढून पायी जायचं आणि मग पुन्हा बसायचं. ‘चार पावलांचा तर प्रश्न’ असं तुम्ही लिहिलंत, आणि यांनी मला न विचारता होकार कळवून टाकला.

तो होकार मी मोडते आहे. विलास उतरणार नाही.

त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं तर म्हणतो, “का? घोडा तिथं दमतो का?” मला हसूच आलं. पोर इथं जन्मलं. त्याला फोरमन माहीत, शिफ्टचा भोंगा माहीत. वेशीपाशी उतरायचं असतं हे त्याला माहीत नाही, आणि मी ते शिकवणार नाही.

हे म्हणाले, “आपण चार दिवसांचे पाहुणे. दादाला तिथं राहायचंय.” त्यावर आत्याबाई दारातून कडाडल्या, “साहेबराव, तुजा बाप उतरला, तू उतरलास. आता नातवाला उतरवायचं आसंल तर मला आदी नदीत सोड.”

खरं सांगू? यांचा मला राग येत नाही. राग तुमच्यावर आहे, आणि सुनेच्या मर्यादेपायी तो मी इतकी वर्षं गिळला. आमच्या वरातीत घोड्याचा लगाम कोणाच्या हातात होता? वेशीपाशी कोणी काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात, “उतर, साहेबा.” मग माझ्याकडं वळून, “पोरी, चपला काढ.” आईनं बाजारातून आणलेल्या लाल चपला, माझ्या आयुष्यातल्या पहिल्या. त्या तुम्ही काखेत मारल्या आणि मी तापलेल्या फुफाट्यातून अनवाणी सासरी आले. पुढच्याच महिन्यात आम्ही गाव सोडलं. लोक म्हणाले, पोटासाठी गेले. भावजी, पोट गावातही कसंबसं भरलं असतं.

तुम्हाला तिथं दिवस काढायचे आहेत, हे मला कळतं. म्हणून पाटलांशी भांडायला तुम्हाला उभं करत नाही. वरात दापोडीतच निघेल. खडकीहून घोडा ठरवला आहे. रेल्वेच्या फाटकापलीकडून आमच्या खोलीपर्यंत, भर रस्त्यानं, बँड लावून. फाटक बंद असलं तर गाडी जाईपर्यंत विलास थांबेल, पण घोड्यावर बसून.

वरात गावी नसेल तर तुम्ही लग्नालाही येणार नाही, असं लिहिलंत. तसं झालं तर आत्याबाई रडतील, हे तोंड पाडून बसतील. तरीही मी माघार घेणार नाही. पण तुम्ही यावं असं मला मनापासून वाटतं. विलासला एकच चुलता आहे. लगाम तुमच्याच हातात द्यायचा आहे, दुसऱ्या कोणाच्या नाही.

सोजराक्कांना घेऊन या. वेशीतून निघताना काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. दापोडी स्टेशनात उतराल तेव्हा मात्र पायात चपला असू द्या. नसल्या तर नव्या आणून ठेवल्या आहेत. तुमचं माप यांच्याइतकंच, ते मला ठाऊक आहे.

वाट बघते. वरात मात्र थांबणार नाही.

आपली हट्टी भावजय,
कस्तुरा